सिस्टर, ही नळी अजून लागणारे का?

घरातलं कुणी अॅडमिट झालं की रात्री थांबायला कुणाला पाठवतात? बरोबर, तुम्हालाच. मग खुर्चीवर पाय वर घेऊन रील्स बघणं आलंच. मध्ये जरा आजीच्या बेडकडेही बघा. हाताला सलाईन, खाली लघवीची नळी आणि पिशवी. अँटिबायोटिक रेझिस्टन्स म्हटलं की आपल्याला 'कोर्स पूर्ण करा' एवढंच आठवतं. पण या लढाईचा मोठा भाग त्या नळीच्या प्लास्टिकवर चालू असतो.

बॅक्टेरिया सुटे फिरतात तोवर औषध त्यांना गाठतं. सिलिकॉनला किंवा लॅटेक्सला एकदा चिकटले, की ते स्वतःभोवती बुळबुळीत थर करून राहतात. हीच बायोफिल्म. सकाळी ब्रश करण्याआधी दातांवरून जीभ फिरवा, साधारण तसलंच काहीतरी. थराच्या आत काही जंतू चक्क झोपून असतात, आणि वाढत्या जंतूंवर मारा करणारी औषधं झोपलेल्यांचं फारसं बिघडवू शकत नाहीत. त्यांना मारायला कधी कधी हजारपट औषध लागतं. तेवढं माणसाला देणार कसं? म्हणूनच जंतू लागलेला कृत्रिम गुडघा अनेकदा काढूनच टाकावा लागतो.

लघवीची नळी आत राहिली की दर दिवसागणिक साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात. ताप नाही, त्रास नाही, नुसते रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक दिलं, तर बहुतेकदा फायदा शून्य. उलट कमजोर मरतात, चिवट उरतात. अशा चिवट बॅक्टेरियांमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा 'लॅन्सेट'मधला अंदाज आहे.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. रोज राउंडला विचारा, 'ही नळी अजून लागणारे का?' 'डॉक्टरांना शिकवतोस का?' असं काका म्हणतील, म्हणू देत. नळी गरज संपल्यावरही राहून जाते, कारण कुणाच्या लक्षातच नसतं. (तीस पेशंटमागे एक सिस्टर असेल तर तिला तरी काय बोलणार!) रोज आठवण करून देण्याची पद्धत जिथे लावली, तिथे संसर्ग कमी झालेत. मात्र विचारायचंच फक्त. स्वतः नळीला हात लावायचा नाही.

आणि एक्स-रेला नेताना वॉर्डबॉयने पिशवी आजीच्या मांडीवर ठेवली, तर ती उचलून कमरेच्या खाली अडकवा. जमिनीवरही टेकवू नका. नंतर हात धुवा, साबणाने.