मायेचा भाव : तासाला अकरा रुपये

गेल्या उन्हाळ्यात मी एक रील टाकली. कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव, ओसरी, लुगड्यावर फिरणारे दोन सुरकुतलेले हात आणि मागं बासरी. वर लिहिलं, ‘आजीच्या मायेची ऊब’. चार दिवसांत दोन लाख लोकांनी ती पाहिली. तीत तीन गोष्टी खोट्या होत्या. हात माझ्या आजीचे नव्हते, शेजारच्या मावशीचे होते. माया नव्हती, मजुरी होती. आजीनं तिला गोधडी शिवायला दिली होती. आणि आमच्या गावात बासरी कुणी वाजवत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमधली एक ओळ बदलली तरी कुणी बदलली, कधी आणि का, याची नोंद राहते. नोंद नसेल तर रिव्ह्यूमध्ये माझी सालटी निघतात. आणि हाच मी गावात जाऊन मोबाईल काढला तेव्हा बाईचं नाव विचारायचं विसरलो. तुमच्या फीडमधल्या गोधड्यांच्या रील आठवून बघा. हात दिसतात, तोंड दिसत नाही. नाव नसतं, दिवस नसतात, पैसा तर नसतोच. याला आपण परंपरेचं जतन म्हणतो.

दिवाळीत पुन्हा गेलो. या वेळी स्टॉपवॉच आणि टेप घेऊन. मावशी म्हणाली, “टाके काय मोजायलास रे लेकरा? कंपनीनं काढून टाकलं का तुला?”

काम सुरू होतं ते सुईच्या आधी. जुने सदरे, परकर, धोतरं उसवायची. शिवणीचे जाड पट्टे, कॉलर, गुंड्या काढायच्या, कारण तिथं सुई मोडते. खाली एक लुगडं ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मग थरावर थर. आमच्या गोधडीच्या पोटात आधीची विरलेली गोधडी होती आणि तिच्या पोटात आणखी एक. आजोबांच्या धोतराचा तुकडा सगळ्यात आत निघाला. वर दुसरं लुगडं, कडा दुमडायच्या आणि काठापासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. मावशीच्या दोन ओळींमधलं अंतर एक बोट. टेपवर दीड सेंटिमीटर, चार ठिकाणी मोजलं, फरक जवळजवळ नाही. सुती लुगडी आता मिळत नाहीत ही तिची मोठी तक्रार. सिंथेटिक साडी सुळसुळते, थर सरकतात, टाका दाट घालावा लागतो. म्हणजे काम वाढलं. मजुरी तीच.

आता हिशेब. गोधडी 120 बाय 165 सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरनं भागलं की ओळींची एकूण लांबी निघते 132 मीटर. एक टाका साधारण 1.2 सेंटिमीटर, म्हणजे अकरा हजार टाके. शिवायला 61 तास, उसवणं-अंथरणं 9 तास. एकूण 70. मजुरी 800 रुपये. भागाकार तुम्हीच करा, शीर्षकात उत्तर आहे.

हे 800 रुपये कुणी शोषक सावकारानं दिले नाहीत. माझ्या आजीनं दिले. गावचा भावच तो.

पण रील पाहून शहरातल्या एका दुकानानं मला मेसेज केला. मला, मावशीला नाही. त्यांच्या पेजवर अशीच गोधडी साडेचार हजाराला होती. खाली ‘ग्रामीण आजींच्या प्रेमानं विणलेली’. विणलेली! सुई कुठून जाते हेही यांना ठाऊक नाही. मी मावशीला किंमत सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “मग माझं काय चुकायलंय?”

मायेला भाव लावू नये, असं मला कॉमेंटमध्ये बऱ्याच जणांनी ऐकवलं. आजीचंही तेच म्हणणं. घरच्या लेकरासाठी शिवलेलं मोजू नये. आजीचं मला पटतं. पणतूचं दुपटं तिनं शिवलं तेव्हा मी घड्याळ लावलं नाही. पण जी बाई दुसऱ्याच्या घरासाठी शिवते तिच्यावर आपली आजी चिकटवायची आणि मग ‘माया आहे, पैसे कसले’ म्हणायचं, ही लबाडी आहे. माझ्यासकट.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, 2006 मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. ज्या बाईनं शिवली तिच्या नावानं गोधडी ओळखली गेली. तरीही 2007 मध्ये त्यांतल्या काहींना पैसा आणि हक्कांसाठी कोर्टात जावं लागलं. नाव असून ही गत, तर बिननावाच्या रीलमधून मावशीला काय मिळणार होतं?

आणि नाव घालणं ही काही परदेशी खोड नाही. शिंप्याच्या घरातल्या नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात. त्यांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईनं अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, म्हणून सातशे वर्षांनी ते कुणाचे हे आपल्याला कळतं. तिच्या जात्यावरच्या हातांची नुसती रील असती तर?

मी जुनी रील काढून टाकली. नवी टाकली, बासरीशिवाय, सुईच्या खरखरीसह. खाली माप, तास, टाके आणि मजुरी. 1,900 लोकांनी पाहिली. नाव मात्र तीतही नाही आणि इथंही नाही. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, “आधी भाव ठरू दे, मग नाव टाक.” तिनं सांगितलेला भाव आहे एका गोधडीला तीन हजार, कापड त्यांचं. तो मी दुकानाला कळवला, सोबत तिचा फोन नंबर दिला. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.