गाव बदलले, मोटारीच्या विम्याचे काय?

आपल्या व्यापारी कुटुंबांना स्थलांतर नवे नाही. बेळगावच्या पेढीची शाखा पुण्यास निघते, कोल्हापूरचा धाकटा भाऊ हैदराबादेस दुकान थाटतो. अशा वेळी दुकानाचा परवाना, बँकेचे खाते, मालाचा विमा यांची व्यवस्था आपण काटेकोरपणे करतो. दाराशी उभ्या असलेल्या मोटारीच्या विम्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

याविषयी दोन समजुती रूढ आहेत. राज्य बदलले की जुना विमा निरुपयोगी होतो, ही पहिली; हप्ता भरला की काळजी मिटली, ही दुसरी. माझ्या मते दोन्ही तोट्याच्या आहेत.

मोटारीचे विमापत्र साऱ्या भारतात चालते. राज्याची सीमा ओलांडल्याने ते रद्द होत नाही. म्हणून घाईने नवा विमा घेण्याचे कारण नाही. विमापत्रात नवा पत्ता आणि पुढे नवा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे पुरे. नव्या गाडीचा तृतीय पक्षाचा विमा २०१८ पासून तीन वर्षांचा असतो आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा वेगळा असतो. दुरुस्ती दोन्ही पत्रांत करावी. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती मालकाची कमाई आहे. पण मुदत संपून ९० दिवस उलटले, तर ती बुडते. स्थलांतराच्या धांदलीत नेमके हेच घडते.

आता दुसरी समजूत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे पत्ता बदलल्यास ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे लागते, आणि गाडी परराज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो; गाडीवर कर्ज असल्यास सावकाराची संमतीही लागते. नोंदणीतील दोष विम्याला कसा बाधतो, हे २०२१ च्या एका निकालावरून कळते. पंजाबात घेतलेली, राजस्थानातील मालकाची नवी गाडी जोधपूरला चोरीस गेली. विमा चालू होता. परंतु तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. सर्वोच्च न्यायालयाने दावा अमान्य केला.

पत्ता जुनाच राहिला, तर अपघाताच्या दाव्याची नोटीस जुन्या घरी जाते आणि मालकाच्या गैरहजेरीत निकाल लागण्याचा धोका उद्भवतो. हप्त्यातही फरक पडतो. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही आठ शहरे खासगी मोटारींसाठी एका विभागात आणि उर्वरित भारत दुसऱ्या विभागात, अशी जुन्या दरपत्रकाची वाटणी आजही प्रचारात आहे. बेळगावहून पुण्यास गेलेल्याने थोडे अधिक भरावे. पुण्याहून बेळगावास आलेल्याने कमी मागावे. चार पैसे वाचविण्यासाठी जुना पत्ता ठेवणे, म्हणजे दाव्याच्या वेळी तंट्याला आपणहून जागा देणे होय. पोत्यावरचा मार्का एक आणि बिलातला दुसरा असेल, तर माल चोख असूनही हुज्जत होते, हे आपणांस सांगावयास नको.

मात्र सारा दोष मालकाच्या माथी मारणे न्याय्य नाही. २०१७ पासून मालाला देशभर एकच कर लागू झाला. मोटारीला मात्र राज्य बदलताच दाखला, नवा कर आणि परताव्यासाठी हेलपाटे चुकत नाहीत. २०२१ मध्ये आलेली 'भारत' मालिका हा त्रास टाळते. पण खासगी क्षेत्रात ती ज्यांची कार्यालये किमान चार राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत आहेत, त्यांच्याच नोकरवर्गासाठी आहे. दोन राज्यांत दोन दुकाने चालविणाऱ्या लहान पेढीने काय करावे? ही अट शिथिल व्हावी आणि नोंदणीतील बदल विमा कंपनीस आपोआप कळावा, अशी मागणी आपल्या संघाने शासनाकडे अवश्य करावी.

ती मान्य होईल तेव्हा होवो. तोवर ज्यांच्या घरी यंदा बिऱ्हाड हलणार आहे, त्यांनी नोंदणीपत्र, विमापत्र आणि राहता पत्ता ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत. गाडी मुलाच्या हाती असली, तरी हे काम घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः लक्ष घालून करून घ्यावे, इतकीच विनंती.