वीणेला गवसणी, वायरीला पोते!

आषाढी एकादशी समीप आली की गोदा-प्रवरेच्या काठचा आमचा मुलूख नामघोषाने दुमदुमू लागतो. त्र्यंबकेश्वराहून निघणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव या वाटेने पंढरीकडे जाते. गावोगावच्या दिंड्याही चालू लागतात. दिंडीमागे मालगाडी असते. तीत शिधा, राहुट्या आणि ध्वनिक्षेपकाचे सामान. मुक्कामी पोचताच मृदंग गवसणीतून अलगद निघतो, वीणा तर विणेकऱ्याच्या गळ्यातच असते. वायरी मात्र पोत्यातून चिखलात ओतल्या जातात! आज पर्वकाळी आम्ही लेखणी उचलली ती या पोत्यासाठी.

विषय क्षुल्लक म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. यज्ञवेदी आखण्याचे शास्त्र ज्या ग्रंथांत आहे त्यांना आपण शुल्बसूत्रे म्हणतो. आणि शुल्ब म्हणजे दोरी! साध्या दोरीचे नाव शास्त्राला देणारी ही परंपरा आहे. इकडे आमच्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी प्रकटली. माउलींच्या मुखातील शब्द सच्चिदानंदबाबांनी जपून लिहून घेतला, असे परंपरा सांगते. वक्ता जितका वंद्य, तितकाच शब्द वाहून नेणाराही. आज मांडवाच्या टोकाला बसलेल्या वृद्ध मातेपर्यंत आमचा शब्द नेते ती हीच वायर.

काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात काल्याचे कीर्तन ऐन रंगात असता आमचा आवाज एकाएकी लोपला. रात्रीच्या पावसाने मांडव ओला होता. एक पोरगेला मुलगा घाईने वायरी चाचपू लागला, आणि विजेच्या धक्क्याने दूर फेकला गेला. पांडुरंगाची कृपा, म्हणून वाचला. पुढे उलगडा झाला : माइकच्या वायरीचा तंतू पिनेशी तुटला होता, आणि विद्युत्पुरवठ्याच्या वायरीचे आवरण प्रवासात जनरेटरखाली चिरडले होते. शुद्धीवर आलेल्या त्या मुलालाच आम्ही नारदांच्या गादीवरून चार शब्द सुनावले. त्याची खंत आजही जात नाही. कारण त्याला हे काम कोणी कधी शिकवलेच नव्हते.

शिकवायचे फार नाही. चांगल्या माइकच्या वायरीत दोन बारीक वाहक तारा आणि त्यांभोवती तांब्याची जाळी असते. माइकपासून निघणारा प्रवाह अवघा काही मिलिव्होल्टचा. जाळी तुटली की ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण त्यात शिरते. पंजा आणि कोपर यांवर वायर करकचून गुंडाळली की प्रत्येक वेढ्याचा पीळ आत साठतो आणि तंतू तुटतात. म्हणून एक वेढा सरळ, दुसरा मनगट आत वळवून उलटा, असे हातभर रुंद सैल वेढे घ्यावेत. पीळास पीळ फेडतो, आणि दुसऱ्या दिवशी वायर गाठ न पडता सुटते. वेढे कापडी पट्टीने बांधावेत. वायरीचीच गाठ मारू नये.

गुंडाळताना वायर कोरड्या फडक्याने पुसावी; भिजली असल्यास सावलीत वाळवूनच पेटीत ठेवावी. माइकच्या आणि विजेच्या वायरींना निरनिराळ्या पेट्या असाव्यात. गाडीत जनरेटर आणि कर्णे खाली, पेट्या वर. देवळाच्या माळ्यावर उंदरांचा उपद्रव असतो, म्हणून पेटी झाकणाची हवी. मांडवातही या दोन वायरी शेजारून नेऊ नयेत. ओलांडाव्या लागल्याच तर काटकोनात. रिळावरची विजेची वायर वापरताना पूर्ण उलगडावी, एरव्ही भार वाढताच आतले वेढे तापतात. चिरलेल्या वायरीला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेणे हा तर जिवाशी खेळ होय; ती बादलच करावी. भूयोजन आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच यांवाचून मांडवात वीज घेऊ नये. आणि ती जोडणी जाणकार तारतंत्र्यानेच करावी.

या साऱ्याला खर्च तो किती? दोन पेट्या, थोड्या पट्ट्या आणि कीर्तनानंतरची अर्धी घटका. परंतु त्या अर्ध्या घटकेत आम्ही सारे प्रसादाच्या पंगतीत असतो, आणि तो मुलगा काळोखात एकटा वायरी ओढत असतो. मग त्या पोत्यात गेल्या तर दोष कोणाचा?

यंदा दिंडीचालकांनी एवढे करावे : पंगत बसण्यापूर्वी दोन टाळकऱ्यांनी त्या मुलाच्या हाताखाली उभे राहावे, आणि समाप्तीच्या दिवशी विणेकऱ्याबरोबर त्यालाही नारळ द्यावा. पहिला नारळ द्यावयाचे आम्ही योजिले आहे. वीणेच्या तारेत देव पाहणाऱ्यांना दुसऱ्या तारेत तो दिसू नये, असे थोडेच आहे!