बापूंचा दाखला बेसबॉलला लागू नाही



‘गोलंदाजी चांगली चालू असताना पिचर बदलणे हा भित्रेपणा’ हे गेल्या अंकातील पत्र वाचले. पत्रलेखकाने क्रिकेटपटू बापू नाडकर्णींचा दाखला दिला आहे. १९६४च्या मद्रास कसोटीत बापूंनी सलग २१ निर्धाव षटके टाकली, हे खरेच. पण बापू फिरकी गोलंदाज होते; त्यात दमछाक कमी. शिवाय क्रिकेटमध्ये षटक संपले की चेंडू दुसऱ्याकडे जातो. दमलेल्याला विश्रांती देऊन पुन्हा आणता येते. बेसबॉलमध्ये सामन्यातून बाहेर काढलेला पिचर (चेंडू फेकणारा) परत येत नाही.

दुसरे म्हणजे, नऊ फलंदाजांची तिसरी फेरी सुरू होईपर्यंत त्यांना पिचरची फेक उमगलेली असते. तेव्हा त्याला मार बसण्याची शक्यता वाढते. म्हणून राखीव पिचरांचा ताफा, म्हणजे बुलपेन, लागतो.

पत्रलेखकाचा राग २०२०च्या वर्ल्ड सिरीजमधील (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील) सहाव्या सामन्यावर आहे. टॅम्पा बे संघाचा पिचर ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत ९ स्ट्राइकआउट घेऊन रंगात असताना त्याला काढले. निक अँडरसन आला, आघाडी गेली आणि प्रतिस्पर्धी डॉजर्स ३-१ने जिंकले. पण अँडरसन आधीच्या सामन्यांतही मार खात होता. बदल करणे समजण्यासारखे होते; आणला तो माणूस चुकीचा होता. बुलपेनमधल्यांचा थकवाही मोजावाच लागतो.

आपल्याकडच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांतील कर्णधारांनीही हा हिशेब शिकावा. हुकमी गोलंदाजाची षटके आधीच संपवून शेवटी नशिबाला बोल लावण्यात काय अर्थ?

— एक वाचक, माजलगाव (जि. बीड)