विश्लेषण : जीएसटी घटला, तरी गाडी महाग का पडते? ‘ऑन रोड’ किमतीतले कोणते आकडे टाळता येतात?

सोयाबीनचे पैसे हाती आले आणि कापसाची पहिली वेचणी झाली की आर्णी, दिग्रस, महागाव पट्ट्यात नव्या गाडीच्या चौकशीला जोर येतो. पसंती असते ती चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीला. शेताकडचा पांदण रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग, दोन्हीकडे ती चालते. जीएसटी कपातीमुळे या गाड्या स्वस्त झाल्या. मात्र यवतमाळ किंवा नागपूरच्या शोरूममधून मिळणाऱ्या कोटेशनमध्ये विमा, अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, हाताळणी शुल्क अशा ओळी वाढत जातात आणि कपातीतून वाचलेली रक्कम त्यातच जिरते. यातले काय बंधनकारक आहे आणि काय नाही?

कपातीमुळे नेमके किती वाचले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के आणि डिझेल गाडीवर ३१ टक्के कर होता. पूर्वी साडेनऊ लाखांना मिळणारी पेट्रोल गाडी नव्या दराने सुमारे ८ लाख ६९ हजारांना पडते, म्हणजे जवळपास ८१ हजारांची बचत.

‘छोटी गाडी’ ठरण्यासाठी मात्र दोन अटी आहेत. लांबी चार हजार मिलिमीटरपर्यंत हवी आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजी असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत हवे. टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा या दोन्हींची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचे असल्याने तिला १८ टक्के कर लागतो, तर ब्रेझाचे इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ४० टक्के. ब्रेझावरचा पूर्वीचा कर ४५ टक्के होता. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर जेवढी बचत झाली, तेवढी आपल्याही गाडीवर होईल असे धरून चालता येत नाही.

कोटेशनमधले कोणते आकडे अटळ आहेत?

एक्स-शोरूम किंमत, मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क, फास्टॅग आणि विम्याचा कायद्याने सक्तीचा भाग. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १३ आणि १४ टक्के आहेत. हा कर राज्यभर सारखाच असल्याने यवतमाळ, नागपूर आणि नांदेड येथील कोटेशनची तुलना करणे सोपे जाते. कराच्या ओळीत मोठा फरक दिसला, तर त्याचा हिशेब मागावा.

दहा लाखांची रेषा महत्त्वाची आहे. ९ लाख ९९ हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर सुमारे १ लाख १० हजार होतो, तर १० लाख १ हजारांच्या गाडीचा १ लाख २० हजार. म्हणजे दोन हजार रुपये जास्त किमतीच्या गाडीवर दहा हजारांचा जादा कर. शिवाय दहा लाखांपुढे एक टक्का टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परतावा मिळतो, त्यामुळे तो खर्च धरू नये, पण त्याची नोंद जपून ठेवावी.

नव्या गाडीची उच्च सुरक्षा नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून कंपनीकडूनच येते. ‘हँडलिंग चार्जेस’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ हा सरकारी कर नाही. या नावाखाली रक्कम लावलेली असल्यास ती कशासाठी, हे लेखी मागता येते.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो का?

नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या कारला तीन वर्षांसाठी १०,६४० रुपये आणि त्यावर जीएसटी. हा आकडा कुठल्याही कंपनीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे दर मोकळे असल्याने बाहेरचे एक-दोन कोटेशन हाताशी असले की शोरूमचा आकडाही खाली येतो. ‘बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती सोय विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कुणी विकली यावर नाही.

अ‍ॅक्सेसरीजचा एवढा आग्रह कशासाठी?

गाडीच्या विक्रीतून विक्रेत्याला सुटणारा नफा मर्यादित असतो. विमा, कर्ज आणि अ‍ॅक्सेसरीज यांतून मिळणारे उत्पन्न त्याला आधार देते. किमतीवरची स्पर्धाही नेहमी मोकळी नसते. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला, तो विक्रेत्यांना ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर सवलत देऊ न दिल्याबद्दल. त्या चौकशीची सुरुवात एका निनावी ईमेलने झाली होती आणि त्यातली तक्रार महाराष्ट्रातील विक्रीबद्दल होती. कंपनीने आदेशाला अपिलात आव्हान दिले.

ग्राहकाचे नुकसान दुहेरी होते. ४० हजारांचे पॅकेज कर्जात मिळवले, तर दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत दरमहा सुमारे ८५० रुपये, म्हणजे एकूण ५१ हजार भरावे लागतात. मॅट, मड फ्लॅप, सीट कव्हर यांसारख्या वस्तू नंतर रोखीने घेता येतात. गंजरोधक कोटिंगचेही तसेच. खाऱ्या वाऱ्याच्या किनारपट्टीत त्याचा उपयोग समजू शकतो, पण आर्णी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे.

कोणत्या वस्तू धोक्याच्या?

पहिली, पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचे राज्यांना कळवले. धडकेचा जोर बंपर आणि त्यामागच्या भागाने शोषायचा असतो. गार्ड तो थेट चासीकडे नेतो, त्यामुळे एअरबॅगच्या वेळेवरही परिणाम होऊ शकतो. दुसरी, साधे सीट कव्हर. बाजूच्या एअरबॅग अनेक गाड्यांत सीटच्या कडेतून उघडतात. त्या जागी शिवण मोकळी होणारे, एअरबॅगसाठी बनवलेलेच कव्हर हवे. तिसरी, वायरिंग कापून बसवलेले जादा दिवे. त्यामुळे विद्युत भागांची वॉरंटी अडचणीत येऊ शकते.

टायरबाबत काय पाहावे?

अ‍ॅक्सेसरीजवर हजारो रुपये खर्च होतात, पण टायरकडे फारसे कुणी पाहत नाही. डिलिव्हरी घेताना पाचही टायरवरचा चार आकडी शिक्का वाचावा. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. स्टेपनी आहे का, हेही विचारावे. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असल्यास स्टेपनी देणे सक्तीचे राहिलेले नाही. पऱ्हाटीचा खुंट टायरच्या कडेत घुसला, तर किटचा उपयोग होत नाही. म्हणून शेतात ये-जा असणाऱ्याने स्टेपनी असलेलीच गाडी निवडावी.

रुंद टायरचा मोहही तपासून घ्यावा. १९५/६० आर १६ च्या जागी २१५/६० आर १६ बसवला, तर चाकाचा व्यास २४ मिलिमीटरने, म्हणजे पावणेचार टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरवर ८० दिसताना गाडी ८३ च्या आसपास धावत असते. बदल करायचाच असेल, तर कंपनीने त्याच मॉडेलच्या त्याच इंजिनासाठी दिलेला आकार घ्यावा आणि भारांक व वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर लवकर तापतो. त्यामुळे हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासणे हाच फुटण्यावरचा स्वस्त उपाय. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. टायरवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे बदलणे लांबवण्याचे एक कारण कमी झाले.

सक्ती झाली तर?

‘पॅकेज घेतले तरच गाडी’ ही अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापार प्रथेत मोडते. आधी बुकिंगपूर्वी ओळीनिहाय कोटेशन लेखी घ्यावे आणि प्रत्येक रकमेची पावती ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नव्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथेही तक्रार दाखल करता येते. आर्णीच्या ग्राहकाने गाडी नागपुरात घेतली असली, तरी त्याला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.