धार आणि पसारा

आमच्या घरी हत्यारांना वर्षातून एकदाच मान मिळे. खंडेनवमीच्या सकाळी वडिलांची लाकडी पेटी माळ्यावरून खाली यायची. दोन पटाश्या, रंधा, करवत पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहायचे, आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले की पेटी पुन्हा माळ्यावर. वडील गेल्यापासून हा क्रम नऊ वर्षे चालला. मी पडलो मराठी शिकवणारा. हत्यारांशी माझा संबंध वाक्प्रचारापुरता.

गेल्या वर्षी मात्र पुस्तकांच्या फळीला खाच पाडायला म्हणून मी त्यातली एक पटाशी उचलली. ती लाकडात शिरायची सोडून घसरली आणि माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी आमचे सुतारकाका आले. त्यांनी पटाशी उजेडात धरली आणि म्हणाले, "मास्तर, बोथट हत्याराला जोर जास्त लागतो, आणि जोरात सुटलेलं हत्यार कुणाचं ऐकत नाही. हळदकुंकू लावलंत, धार कोण लावणार?"

टाक्यांपेक्षा हे जास्त झोंबले. कारण वाचकहो, मी धार लावून पाहिलीच नव्हती असे नाही. पेटीत वडिलांचा कार्बोरंडमचा दगड होता. (कोशात याला 'निसणा' असा छान शब्द आहे, वडील नुसते 'दगड आण' म्हणत.) चार वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्यावर शिवणयंत्राचे तेल ओतले. थोडे दगडात मुरले. उरलेले काळ्या चुऱ्यासकट ओट्यावर, पंचावर आणि न्हाणीघराच्या कडीवर गेले. सौ.ने एवढेच विचारले, "हे आता दर रविवारी का?" मी म्हटले, "छे!" आणि दिलेला शब्द चार वर्षे पाळला.

सुतारकाकांनी हे ऐकून घेतले आणि तेल बंद केले. त्यांनी घरातली एक सपाट बुडाची जुनी परात मागितली. तीत ओले फडके, फडक्यावर जाड काचेचा तुकडा, काचेवर पाण्याने चिकटवलेला वॉटर पेपर: आधी ४०० नंबरचा, मग १०००, शेवटी २०००. दगडावर तेल घालायचे ते निघालेला चुरा तरंगून बाजूला जावा म्हणून. इथे तेच काम पाण्याचे चार शिंतोडे करतात. घाण होते, पण परातीबाहेर जात नाही.

खरी अडचण असते कोनाची. पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा, टोकाची धार ३० अंशांवर. माझा हात दर फेरीला वेगळा कोन काढी. त्यावर बाजारात चाकाची एक चिमुकली गाडी मिळते. तीत पटाशी पकडायची आणि मागेपुढे फिरवायची. गाडीतून पाते किती पुढे काढायचे, हे दर वेळी मोजायला नको म्हणून काकांनी एका फळकुटावर पट्टी ठोकून दिली. पाते तिला टेकले की माप झाले. मला तर ही पट्टी गाडीपेक्षाही मोलाची वाटते. पात्याच्या पाठीला अंगठा लावून खरखर लागली की त्या कागदाचे काम संपले. शेवटी पाठ काचेवर सपाट टेकवून दोन हात, आणि फळीला चिकटवलेल्या माझ्या जुन्या कंबरपट्ट्यावर, न्हावी वस्तरा ओढतो तसे, दहा वेळा ओढायचे. ओढायचेच, ढकलले की चामडे कापले जाते. मग कोरड्या फडक्याने पुसून बोटभर खोबरेल.

परात आता माझ्या टेबलाखालीच असते. काढायला अर्धे मिनिट, धारेला पाच. पूर्वी मांडणे आणि आवरणे यातच तास जाई, म्हणून मी धार टाळत होतो. एरवी त्याला आळस म्हणत होतो. पेटी माळ्यावर गेलेली नाही.

परवा फराळाची तयारी चालली असता सौ. परातीकडे बघत उभी राहिली. मला वाटले, चिवड्यासाठी परत मागते की काय. ती म्हणाली, "अहो, विळीला होते का धार यावर?"

विळीचे पाते वाकडे, माझी काच सपाट. सुतारकाकांना निरोप धाडला आहे.