विश्लेषण : रॅमचे भाव भडकले... निवडायची कशी आणि ‘पळवायची’ किती?

२०२५ च्या मध्यापर्यंत घरचा डेस्कटॉप जुळवताना रॅम ही यादीतली सर्वात बिनडोकेदुखीची ओळ होती. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर महिनाभर खल व्हायचा, रॅम शेवटच्या दिवशी ‘कोणतीही चालेल’ म्हणून टाकली जायची. तेव्हा डीडीआर५ ची ३२ जीबीची जोडी अमेरिकी बाजारात सुमारे १०० डॉलरला मिळत होती. वर्ष संपता संपता तिचा भाव तिप्पट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त झाला. भारतात ही रॅम आयातच होते, त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतही तीच झळ बसली. अशा वेळी चुकीची रॅम घेणे किंवा घेतलेल्या रॅमचा निम्मा वेग न वापरणे, दोन्ही महागात पडते.

भाव का भडकले?

जगातील ९० टक्क्यांहून अधिक डीरॅम तीनच कंपन्या बनवतात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरना एचबीएम नावाची, चिपवर चिप रचलेली वेगवान मेमरी लागते. ती वेगळ्या मातीची नसते. ज्या सिलिकॉन वेफरवर आपल्या डेस्कटॉपची डीडीआर५ बनते, तशाच वेफरवर, त्याच कंपन्यांच्या कारखान्यांत एचबीएमही बनते. मायक्रॉनच्याच हिशेबानुसार, तेवढेच जीबी मिळवण्यासाठी एचबीएमला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडतात. म्हणजे एचबीएमकडे वळवलेल्या प्रत्येक जीबीमागे साध्या रॅमचे तीन जीबी बाजारातून कमी होतात. एचबीएममध्ये नफा जास्त, ग्राहक मोठे आणि करार लांब मुदतीचे. कारखानदार कुठे वळणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने आपल्या ‘स्टारगेट’ प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी प्राथमिक करार जाहीर केला. त्यात दरमहा नऊ लाख डीरॅम वेफरचे लक्ष्य ठेवण्यात आले होते. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२६ पर्यंतच माल पाठवण्याची मुदत ठेवली. जवळपास तीन दशके घराघरांतल्या संगणकांत बसलेले हे नाव. जुन्या डीडीआर४ चे उत्पादन तर या कंपन्या आधीपासूनच आवरत्या घेत होत्या, त्यामुळे ‘नवी परवडत नाही तर जुनी घेऊ’ ही पळवाटही अरुंद झाली.

या धंद्याचा इतिहास फार स्वच्छ नाही. डीरॅमचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेत २००५ मध्ये सॅमसंगने ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सने १८.५ कोटी डॉलर दंड मान्य केला होता. या वेळी मात्र भाववाढीचे कारण उघड्यावरच आहे. नवा कारखाना उभा राहायला वर्षे लागतात, मागणी मात्र तिमाहीत दुप्पट होऊ शकते.

गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉनच्या प्रकल्पामुळे देशात रॅम स्वस्त होईल का, असाही प्रश्न विचारला जातो. तिथे वेफर घडवले जात नाहीत. बाहेरून आलेल्या वेफरपासून चिपची जुळणी, चाचणी आणि पॅकिंग होते. तुटवडा वेफरचा आहे.

किती जीबी पुरेशी?

कार्यालयीन काम, ब्राउझर, अभ्यास यांसाठी १६ जीबी. नवे गेम, व्हिडीओ संपादन, प्रोग्रॅमिंग यांसाठी ३२. त्यापुढे कोणाला लागते ते त्या माणसाला आधीच ठाऊक असते. ‘पुढे लागेल’ म्हणून आज ६४ जीबी घेणे, हा सध्याच्या भावात केवळ हौसेचा मामला आहे.

खोक्यावरचे आकडे काय सांगतात?

‘डीडीआर५-६०००, सीएल३०, १.३५ व्होल्ट’ असे खोक्यावर लिहिलेले असते. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण होते तो. दुकानात त्याला सर्रास ‘६००० मेगाहर्ट्झ’ म्हणतात, पण प्रत्यक्ष घड्याळ ३००० मेगाहर्ट्झवर चालते. डीडीआर म्हणजेच एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण.

दुसरा आकडा, सीएल, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मेमरीकडे एखादी गोष्ट मागितल्यापासून ती मिळेपर्यंत किती ठोके थांबावे लागते, ते हा आकडा सांगतो. पण ठोकाच लहानमोठा असेल तर नुसती ठोक्यांची संख्या काय कामाची? म्हणून वेळ काढायचा. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर४-३२०० सीएल१६ : १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० सीएल३० : तेही १०. डीडीआर५-६००० सीएल३६ : १२. आणि स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाणारी डीडीआर५-४८०० सीएल४० : १६.७. थोडक्यात, पहिला शब्द हाती पडण्याच्या बाबतीत चांगली जुनी डीडीआर४ साध्या डीडीआर५ ला मागे टाकते. डीडीआर५ जिंकते ती एका वेळी वाहून नेल्या जाणाऱ्या मालाच्या प्रमाणात : दोन चॅनेल मिळून डीडीआर४-३२०० ची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला ५१.२ जीबी, तर डीडीआर५-६००० ची ९६ जीबी.

हा भागाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दुकानात उभ्याउभ्या करता येतो, आणि जरूर करावा. ६४०० चा मोठा आकडा सीएल४० सोबत मिरवणारी जोडी (१२.५) ही ६००० सीएल३० पेक्षा प्रतिसादाला संथ असते, भाव मात्र जास्त असू शकतो.

एएमडीच्या एएम५ सॉकेटसाठी ६००० हा आकडा कंपनीनेच ‘सर्वात फायद्याचा’ म्हणून सांगितलेला आहे. कारण तिथवर प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकाच तालावर चालतात. त्याच्या बऱ्याच वर गेले की कंट्रोलर निम्म्या तालावर उतरवावा लागतो आणि मिळवलेले हातचे जाते. इंटेलचे प्रोसेसर याहून वरचा वेग पेलतात, पण स्वस्त मदरबोर्ड आडवा येतो. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या एच६१० चिपसेटवर मेमरी ओव्हरक्लॉकिंगची सोयच नाही. त्यावर ६००० ची महागडी जोडी लावणारा ग्राहक पैसे देतो ते फक्त रंगीत दिव्यांचे.

आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात? तिथे वेगाचे मोल सर्वाधिक. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरतात, त्यामुळे वेगवान जोडी आणि दोन चॅनेल यांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. उलट रायझेनच्या ‘एक्स३डी’ प्रोसेसरमध्ये मोठा कॅशे असल्याने रॅमच्या वेगाचे महत्त्व उतरते. अशा प्रोसेसरसोबत थोडी साधी रॅम घेऊन पैसे वाचवणे अगदी शहाणपणाचे.

एक स्टिक, दोन की चार?

नेहमीचे उत्तर : एकाच खोक्यातली दोनची जोडी. चार खाचांच्या मदरबोर्डवर ती बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसते. शेजारशेजारच्या खाचांत बसवली तर दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर येतात आणि निम्मी क्षमता वाया जाते. कसलाही इशारा येत नाही, संगणक सुरळीत सुरू होतो, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे सापडत नाही.

महागाईने या नेहमीच्या उत्तराला छेद दिला आहे. १६ जीबीचेच पैसे असतील, तर ८-८ ची जोडी घ्यावी की १६ ची एकच स्टिक घेऊन दुसरी पुढे घ्यावी? डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या स्टिकवर साधारणतः चारच चिप असतात आणि त्यांत एकाच वेळी कामाला लावता येणारे बँकांचे गट निम्मे असतात, त्यामुळे ती मुळातच थोडी संथ. शिवाय पुढे ३२ करायची तर ती जोडी काढूनच टाकावी लागेल. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर १६ ची एक स्टिक हा आजच्या घडीला पटण्याजोगा पर्याय आहे. ग्राफिक्स कार्ड नसेल, तर नाही. मात्र सहा महिन्यांनी घेतलेली दुसरी स्टिक, नाव आणि मॉडेल तेच असले तरी, आतल्या चिप वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात. मग दोघींनी मिळून छापील वेग गाठण्याची हमी कोणीही देत नाही.

चार स्टिकचा मोह टाळावा. रायझेन ९००० मालिकेसाठी दोन स्टिकचा अधिकृत वेग ५६०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. चारही खाचा आहेत म्हणजे त्या भरायच्याच असे नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

इथे मोठा गैरसमज आहे. खोक्यावर छापलेला ६००० हा वेगच मुळात ओव्हरक्लॉक आहे. नवी रॅम बसवून संगणक सुरू केला की ती मानक वेगाने, म्हणजे बहुधा ४८०० किंवा ५६०० वर आणि १.१ व्होल्टवर धावते. छापील वेग हवा असेल तर बायॉसमध्ये जाऊन इंटेलच्या एक्सएमपी किंवा एएमडीच्या एक्स्पो या नावाचा पर्याय सुरू करावा लागतो. या दोन्ही म्हणजे स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये कंपनीने आधीच नोंदवलेल्या वेग, ठोके आणि व्होल्टेजच्या तयार नोंदी. प्रस्तुत प्रतिनिधीचा, अभियांत्रिकीला असताना स्वतः जुळवलेला संगणक डीडीआर४-३२०० ची रॅम लावूनही दीड वर्ष २१३३ वरच चालत होता. हे कळले तेव्हा पदवीची थोडी लाजच वाटली.

पर्याय सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहिला तर घाबरून वीज बंद करू नये. डीडीआर५ मध्ये कंट्रोलर आधी प्रत्येक तारेशी वेळ जुळवून घेतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ वर पहिल्यांदा त्याला बराच वेळ लागतो.

धोका कोणता?

पहिला धोका वॉरंटीचा. एएमडीच्या अटींनुसार अधिकृत मर्यादेबाहेर प्रोसेसर चालवणे म्हणजे वॉरंटीवर पाणी, आणि त्यात एक्स्पोही येते. इंटेलची भाषाही फार वेगळी नाही. म्हणजे रॅम विकणारा ज्या वेगाची जाहिरात करतो, तो वापरल्यावर प्रोसेसर विकणारा हात वर करू शकतो. प्रत्यक्षात कोणी खोदून विचारत नाही, पण कागदावर हे असे आहे आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्य नाही.

हा धोका कागदापुरता राहिला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये रायझेन ७००० एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटसह जळाल्याची, फुगल्याची छायाचित्रे समोर आली. एक्स्पो सुरू करताच काही मदरबोर्ड मेमरी कंट्रोलरला जोडलेले ‘एसओसी’ व्होल्टेज परस्पर वाढवत होते. अखेर एएमडीने नव्या बायॉसद्वारे ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. म्हणून एएम५ वर क्रम कधीही चुकवू नये : आधी बायॉस अद्ययावत, मग एक्स्पो.

दुसरा धोका अधिक गुपचूप. अस्थिर रॅम संगणक बंदच पाडेल असे नाही. लाखो बिटांपैकी एखादा उलटतो आणि तो ज्या फाइलमध्ये असेल ती तशीच डिस्कवर लिहिली जाते. घरच्या लग्नाचा व्हिडीओ, टॅलीचा डेटा, प्रबंधाची फाइल. बिघाड महिन्याभराने कळतो, तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत गेलेली असते. डीडीआर५ मध्ये ‘ईसीसी’ असते, असे विक्रेते सांगतात. ती चिपच्या पोटातली दुरुस्ती आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारेवर, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगमध्ये ताण येतो तिथे, ती काही करत नाही.

त्यामुळे वेग वाढवल्यावर मेमटेस्ट८६ सारखे साधन पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवणे आवश्यक. एकही त्रुटी दिसली तर ‘एकच तर आहे’ म्हणायचे नाही. वेग २०० ने खाली आणायचा आणि पुन्हा चाचणी. व्होल्टेज वाढवून वेग टिकवण्याचा नाद नवख्याने करू नये. हाताने ठोके कमी करणाऱ्यांनी तर आणखी एक ध्यानात घ्यावे. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे हळूहळू गळणारा विद्युतभार, तो सतत पुन्हा भरावा लागतो आणि उष्णता वाढली की गळती वाढते. मानकानुसारही ८५ अंश सेल्सिअसच्या वर हे भरणे दुप्पट वेगाने करावे लागते. अतिरिक्त वेगासाठी दोन भरण्यांमधले अंतर ताणलेले असेल, तर त्रुटी त्याच्या खूप आधी सुरू होतात. त्यात डीडीआर५ च्या स्टिकवरच व्होल्टेज नियंत्रक बसलेला, शेजारी तापलेले ग्राफिक्स कार्ड. डिसेंबरात रात्रभर निर्दोष चाललेली सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता टिकेलच असे नाही. चाचणी उन्हाळ्यात एकदा पुन्हा करावी.

नवी रॅम न घेता काय करता येईल?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधील मेमरीवर क्लिक केल्यास रॅमचा सध्याचा वेग आणि किती खाचा भरल्या आहेत, ते दिसते. डीडीआर४ वर २१३३ किंवा २४००, डीडीआर५ वर ४८०० दिसला, तर कॅबिनेट उघडून स्टिकवरचे लेबल वाचावे. तिथे मोठा आकडा असेल आणि मदरबोर्ड साथ देत असेल, तर तेवढा वेग बायॉसच्या एका पर्यायाच्या अंतरावर आहे आणि त्याचे पैसे केव्हाच भरून झालेले आहेत.